गाभा पांढरा दिसेपर्यंत

शेवंतीच्या हाताला काटे लागत नाहीत, असं नर्सरीत येणारी माणसं म्हणायची. ते खोटं होतं. काटे लागायचे, रोज लागायचे. संध्याकाळी घरी गेल्यावर ती तळहातांवर फेविकॉल फासायची, पंख्याखाली बसून तो वाळू द्यायची आणि मग कांद्याचा पापुद्रा सोलावा तसा ओढून काढायची. त्या पापुद्र्यावर केसासारखे बारीक काटे उभे राहिलेले असायचे. तिचा नवरा मारुती समोर बसून हे सगळं बघायचा.

"आज किती बोचलं?" तो विचारायचा.

"मोजाया टायम नव्हता," ती म्हणायची.

काटई नाक्यावरून शीळफाट्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला ओळीने नर्सऱ्या होत्या. त्यातली निवडुंगांची नर्सरी एकच, आबांची. शेवंतीचं सासर तिथून आत, खाडीच्या अंगाला असलेल्या गावात. ती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांची भाताची खाचरं होती आणि घरातली सगळी माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून लावणी करायची. पुढे रस्ता मोठा झाला, बिल्डर आले आणि गावाने एकेक करून जमिनी दिल्या. सासऱ्यांनीही दिली. मारुतीने टेम्पो घेतला, तो चार वर्षं चालवला, मग विकला. शेवंतीला मात्र बसून राहणं जमेना. हाताला काम नसलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. भावना, तिची एकुलती मुलगी, बालवाडीत जायला लागली त्याच महिन्यात ती रस्त्यावर आली आणि पहिल्या दिसलेल्या नर्सरीत शिरून म्हणाली, "काम हाय काय?"

टेबलामागे बसलेल्या माणसाने भिंग खाली ठेवलं. "काटे आहेत इथे," तो म्हणाला. "चालेल?"

ते आबा. डोंबिवलीतल्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढलेला माणूस. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी रस्त्याकडेची ही जागा भाड्याने घेतली आणि चाळीच्या गॅलरीत इतकी वर्षं डब्यांमधून वाढवलेले निवडुंग इथे आणून मांडले. पत्र्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबल आणि टेबलावर स्पिरिटची बाटली, ब्लेडं, रबरबँड. आबा हळू बोलायचे, स्वच्छ बोलायचे, आणि शेवंतीला पहिल्या दिवसापासून 'शेवंताबाई' म्हणायचे. गावातल्या एका बाईने तिला अडवून विचारलं होतं, "त्यांच्या हातचा पानी पितंस काय गं?"

"चाय पन पितंय," शेवंतीने सांगितलं आणि ती पुढे गेली.

आबांनी तिला कलम करायला शिकवलं. खाली तीन धारांचा हिरवा दांडा, वर लाल नाहीतर पिवळा गोंडा, दोन्हीचे काप एकमेकांना नेमके भिडले पाहिजेत आणि वरून रबरबँड. ब्लेड प्रत्येक वेळी स्पिरिटात बुडवायचं. पहिल्या वर्षी तिची निम्मी कलमं मेली. तिसऱ्या वर्षी शंभरातलं एखादं मरायचं. ठाण्याहून, पार नाशकाहून नर्सरीवाले येऊन तिच्या हातची कलमं न्यायचे.

पण सगळ्यात महत्त्वाचं आबांनी शिकवलं ते कुजणं ओळखायला. निवडुंग बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून जातो. बुंध्याशी अंगठा दाबला आणि तो जरासा जरी आत गेला, तरी समजायचं.

"मग दया दाखवायची नाही, शेवंताबाई," आबा म्हणाले होते. "कापायचं. कापलं की गाभा बघायचा. मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला, तरी अजून वर कापायचं. पुन्हा बघायचं. गाभा पांढरा दिसेपर्यंत थांबायचं नाही. तिथे जो थांबला, त्याचं झाड गेलं."

हे तिच्या अंगवळणी पडलं. वीस वर्षांत तिने किती झाडं अशी कापून वाचवली याची गणती नव्हती. हात कधी थरथरला नाही.

नर्सरीच्या फाटकाशी एक झाड होतं, त्याला सगळे 'खांब' म्हणत. रिक्षावाले पत्ता सांगतानाही 'खांबवाली नर्सरी' म्हणायचे. त्याचं खरं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. आबा ते भराभर म्हणायचे आणि शेवंतीनेही हट्टाने पाठ केलं होतं. ती कामाला आली तेव्हा तो तिच्या डोक्याच्या जरा वर होता. पुढे तो पत्र्याच्या छपराहून उंच झाला, मग विजेच्या तारेची भीती वाटावी इतका. सरळसोट, उभ्या धारांचा, आणि अर्ध्यावर दोन हात फुटून तेही वर वळलेले.

गिऱ्हाइकं म्हणायची, वाळवंटातलं झाड इथल्या पावसात कसं काय टिकलं? आबांना या प्रश्नाचा राग येई. ते समोर मलंगगडाकडे बोट दाखवायचे. "हे वाळवंटातलं नाही हो. मेक्सिकोत याचं जंगल आहे, आपल्या त्या डोंगरावर आहे ना, अगदी तसंच. चार महिने पाऊस, मग सगळी झाडं पानं गाळून उभी. त्या झाडांमध्ये हा वाढतो. त्याला पावसाचं भय नाही. पाय पाण्यात राहायचं भय आहे."

तिथले आदिवासी याच्या काटेरी फळाने केस विंचरतात, असंही आबांनी एकदा सांगितलं. शेवंती हसत सुटली. "मना द्या एक. बगू तरी."

"फळ धरायला हवं ना," आबा म्हणाले.

खांबाला पहिलं फूल आलं त्या सकाळी आबा फाटकात तिची वाट बघत उभे होते. फेब्रुवारी होता. शिडी लावून त्यांनी तिला वर चढवलं. पांढरी, जाड पाकळ्यांची तीन फुलं, अजून उघडी, आणि पाकळ्यांवर बारीक ओरखडे. रात्री वटवाघळं मधासाठी येऊन गेली होती. आबा खालून ओरडून विचारत होते, "ओरखडे आहेत का? आहेत का?" आणि तिने हो म्हटल्यावर या साठीच्या माणसाने टाळी वाजवली.

पण फळ धरलं नाही. कुठल्याच वर्षी नाही. याचा पराग याला चालत नाही, जोडीला दुसरं झाड लागतं, असं आबांनी सांगितलं.

"मग आनू ना दुसरा."

"सात बिया आल्या होत्या पोस्टाने. मी सातही पेरल्या होत्या," आबा म्हणाले. "एवढा एकच जगला."

आबा गेले ते झोपेतच. त्यांचा मुलगा रत्नदीप ऐरोलीला एका कंपनीत होता. त्याला झाडांमधलं काही कळत नव्हतं, पण त्याने नर्सरी मोडली नाही. "मावशी, तुम्हीच बघा," म्हणाला आणि शनिवारी शनिवारी येऊन जाऊ लागला. आणखी पाचेक वर्षं शेवंतीने ती नर्सरी एकटीच्या जिवावर चालवली.

घरी मारुती होता. मनाने गरीब आणि स्वभावाने हट्टी. रक्तात साखर निघाली तरी त्याचा चहा फिका झाला नाही. जमीन गेली, टेम्पो गेला, पण खाडी होती. ओहोटीला तो अनवाणी चिखलात उतरायचा, निवट्या मासे आणि खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, धरून आणायचा आणि शेवंती येईपर्यंत साफ करून ठेवायचा. चपला घाला, असं ती म्हणायची. "चपला घालून चिकलात कोन जातं?" असं तो विचारायचा.

त्या डिसेंबरात त्याच्या उजव्या पायाला कालवाची शिंप लागली. अंगठ्याच्या बाजूला, नखाएवढी चीर. त्याने हळद दाबली आणि विसरला. आठ दिवसांनी अंगठा निळसर दिसला. शेवंतीने दवाखान्यात नेलं, मलमपट्टी झाली. आणखी आठ दिवसांनी ती घरी पट्टी सोडत असताना तिला वास आला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. झाडाचा आणि माणसाचा वास वेगळा असतो, पण दोन्हींचा अर्थ एकच होता. तिने पट्टी पुन्हा बांधली आणि रिक्षा बोलावली.

कल्याणच्या हॉस्पिटलात अंगठा काढला. चार दिवस बरे गेले. मारुती पलंगावर बसून नर्सला खाडीच्या गोष्टी सांगायचा. पाचव्या दिवशी पट्टी बदलताना शेवंती मुद्दाम जवळ उभी राहिली. पावलाच्या वरच्या अंगाला, जिथे कातडी चांगली दिसत होती, तिथे नर्सने बोट दाबलं आणि ते जरासं आत गेलं.

दुपारी डॉक्टर आले. तरुण होते, नीट समजावून सांगत होते. "काका, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. उशीर नको."

"नाय," मारुती म्हणाला.

"काका, आता सगळं बरं मिळतं. जयपूर फूट मिळतो. लोक चालतात."

"लोक चालतात. मी नाय चालनार. माजा पाय मना हाय तसा पायजे."

डॉक्टर गेल्यावर त्याने शेवंतीचा हात धरला. त्याचा हात तापाने भाजत होता. "शेवंते, मी गुंगीत असलो तरी तू सही नाय करायची."

"असं बोलू नका."

"तुना भावनाची आन हाय. लंगडा करून मना घरी नेऊ नको. बालंतिनीसारका खाटंवर बसून र्‍हानार नाय मी. खाडीत कोन नेल मना?"

ती काही बोलली नाही. त्याने ते हो धरलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. संध्याकाळी चारच्या सुमाराला डॉक्टर कागद घेऊन आले. शेवंती बाहेरच्या बाकावर बसली होती, शेजारी भावना. भावना लग्न होऊन दिव्याला राहायची. सासरी सांगून आठ दिवस ती इथेच होती.

"पेशंट आता निर्णय घ्यायच्या स्थितीत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला घ्यावा लागेल. आज सही केलीत तर आज घेतो."

शेवंतीने पेन हातात घेतलं. तिला सही करता येत होती. आबांनीच शिकवली होती. तिला सगळं कळतही होतं. हॉस्पिटलात त्या क्षणी तिच्याइतकं नीट कुणालाच कळत नसेल. कुठे कापायचं, का कापायचं, आणि थांबलं तर काय होतं. पण कागदावर 'उजवा पाय' असं लिहिलं होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो पाय आला. लग्नात सप्तपदीला तिच्या पुढे चालणारा, टेम्पोचा ब्रेक दाबणारा, चिखलाने बरबटून उंबऱ्याबाहेर थांबणारा आणि 'पानी टाक गं' म्हणणारा.

"सकालपर्यंत थांबता येल काय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "मी थांबा म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण जबरदस्तीही करू शकत नाही."

"सकाली करतंय सही."

सकाळी आठ वाजता तिने सही केली. तोपर्यंत मारुतीचं लघवीचं प्रमाण घटलं होतं, श्वास वेगळा लागला होता. डॉक्टर आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले की आता भूल देणं झेपणार नाही. सही केलेला कागद त्यांच्या हातातच राहिला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मारुती गेला. दोन्ही पाय पांढऱ्या चादरीबाहेर तसेच होते.

गावाने शेवंतीला दोष दिला नाही. उलट बायका म्हणाल्या, बरं झालं, अंगाने पुरा गेला. ते ऐकून ती मान हलवायची. बाराव्याला ती रडली नाही, तेराव्याला नाही. महिन्याने कामावर गेली आणि पहिल्याच दिवशी तिने ब्लेड बाजूला ठेवलं. पाणी घालायची, कुंड्या भरायची, पण कलम मागायला कुणी आलं तर म्हणायची, "डोल्याला दिसत नाय आता बरोबर." डोळे ठीक होते.

एप्रिलात रत्नदीप आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. तेव्हाच तिने ओळखलं. रस्ता पुन्हा रुंद होत होता, वरून मेट्रो जाणार होती, जागेच्या मालकाने जागा परत मागितली होती.

"लहान झाडं विकून टाकू, मावशी. खांबाचं मी बघितलंय. टाकायला नको वाटतं, बाबांचा आहे. इकडे मागे ते नवीन टॉवर आहेत ना, त्यांना गेटवर लावायला पाहिजे. चांगली जागा आहे. रोज दिसेल तुम्हाला."

ते टॉवर शेवंतीच्या सासऱ्यांच्या खाचरांवरच उभे होते. रत्नदीपला ते माहीत नसावं.

टॉवरची बाग करणारा अपूर्व नावाचा मुलगा मे महिन्याच्या शेवटी क्रेन घेऊन आला. सभ्य होता. तिने त्याला बाजूला घेऊन, आबा बोलायचे तशा भाषेत जमेल तेवढं नीट सांगितलं. "मुळं तुटतील ना, ती लगेच मातीत घालायची नाहीत. आडवा करून सावलीत ठेवा महिनाभर. जखमा सुकू दे. पाऊस सरला की दिवालीला लावा. लॉनमदी नको. पाय पाण्यात नको त्याचे."

"मावशी, पंधरा जूनला पझेशन आहे," अपूर्व म्हणाला. "लोक राहायला येणार. तेव्हा तो उभा पाहिजे. आणि आमचे कन्सल्टंट आहेत, त्यांनी ड्रेनेज वगैरे दिलंय."

तिने आणखी एकदा सांगायला हवं होतं. आरडाओरडा करायला हवा होता, रत्नदीपला फोन करायला हवा होता. पण जानेवारीपासून तिच्यातला आवाजच गेला होता. खांब पट्ट्यांनी गुंडाळून, आडवा होऊन, ट्रकवरून गेला. फाटकाशी खड्डा राहिला. आठवडाभरात नर्सरीही गेली.

शेवंती टॉवरच्या बाजूने जायचीच नाही. बाजाराला जायचं तर लांबून जायची.

गणपती होऊन गेले आणि एके दिवशी अपूर्वचा फोन आला. "मावशी, एकदा येऊन बघाल का? खाली रंग बदललाय. कन्सल्टंट म्हणतो नॉर्मल आहे. मला नाही वाटत."

गेटवर वॉचमनने वही पुढे केली. "कुणाकडे?"

"झाडाकडं," ती म्हणाली.

खांब हिरव्यागार लॉनच्या मधोमध उभा होता. भोवती लहान फवारे, दिवे. वरून तसाच रुबाबदार. शेवंती वाकली, बुंध्याशी अंगठा दाबला. पहिलं पेर पूर्ण आत गेलं आणि अंगठ्याभोवती काळं पाणी आलं.

"करवत आना," ती म्हणाली. "आन दोर. आन बांबूची परांची बांदा. आज."

सोसायटीच्या दोन बायका बघायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "दसऱ्यापर्यंत नाही का थांबता येणार? गेटवर कार्यक्रम आहे आमचा. तोवर उभा तरी राहू दे."

"नाय," शेवंती म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की माळीकाम करणारे दोघे थांबून बघू लागले. "सकालपर्यंत पन नाय. आता."

अपूर्वने कुणाचं ऐकलं नाही, माणसं लावली. दोर बांधून खांब चारी बाजूंनी ताणला आणि पहिला काप गुडघ्याच्या उंचीवर घेतला. खालचा तुकडा चिखलासारखा बसला. वरच्या कापाकडे शेवंतीने पाहिलं. गाभ्यात ताटलीएवढं तपकिरी.

"वर."

कमरेएवढ्यावर कापला. वाटीएवढं तपकिरी. करवत प्रत्येक वेळी तिने स्वतः स्पिरिटने पुसली.

"वर."

छातीवर. डोक्यावर. मग माणसं परांचीवर चढली. कापलेले तुकडे लॉनवर ओळीने पडत गेले, बाहेरून हिरवे, चांगले, ताजे दिसणारे. प्रत्येक कापावर ती हात ठेवायची, पाणी पुसायची, बघायची. ठिपका लहान होत होता. एकदा रुपयाएवढा झाला, तेव्हा अपूर्व म्हणाला, "मावशी, कमी होतंय! होईल ना?" तिने करवत पुन्हा पुसली. वाटीवरून रुपयावर आलेला ठिपका पुढच्या कापात रुपयाएवढाच राहिला, त्याच्या पुढच्यातही तेवढाच. ती मधली नाडी होती, तिच्यातून ते वरपर्यंत चढलं होतं.

दोन हात उरले होते. डावा हात कापला, बुडाशी तपकिरी, मध्ये तपकिरी, शेंड्याला तपकिरी. उजवा हात तिने जमिनीवर स्वतःच्या मांडीशी घेतला, साडीला काटे अडकले, तिकडे लक्ष दिलं नाही. ब्लेडने अर्धी वीत, पुन्हा अर्धी वीत. शेवटी मुठीत मावेल एवढा शेंडा राहिला. तिने तोही कापला. मधोमध मोहरीएवढा ठिपका होता.

तिने ब्लेड लॉनवर ठेवलं.

अपूर्व तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याचे डोळे भरले होते. मुलगा खरंच चांगला होता. "मावशी, मी आधी बोलावलं असतं तर? पहिल्यांदा रंग बदलला तेव्हाच कापला असता, तर वाचला असता का?"

नाही म्हणणं सोपं होतं. कुणीही म्हणालं असतं की होणार होतं ते झालं. तिला नऊ महिने सगळ्यांनी तेच सांगितलं होतं.

"हो," शेवंती म्हणाली. "वाचला असता."

आणि मग तिला रडू फुटलं. लॉनवर बसून, मांडीवर तो शेंडा घेऊन, ती मोठ्याने रडली. सोसायटीच्या बायका पुढे आल्या, पाणी दिलं, "अहो, झाडच ते," असं एक म्हणाली आणि दुसरीने तिला गप्प केलं. अपूर्वला वाटलं आपल्या प्रश्नाने झालं. तो पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिला.

त्या रविवारी भावना दिव्याहून आली. आईचे सुजलेले हात पाहून तिने फेविकॉलची बाटली काढली, तिच्या तळहातांवर स्वतः फासलं आणि समोर बसून राहिली. शेवंतीने तिला सगळं सांगितलं. खांबाचं सांगितलं आणि मग थांबून पेनाचं सांगितलं.

"मना म्हाईत होतं, भावना. पट्टी काडताना मी बगितलेलं. मना सगला कलत होता आन मी सकालपर्यंत थांब बोलले. त्यांनी तुजी आन घातलेली. पन आनेनं नाय थांबले मी. माजा हातच नाय चालला."

फेविकॉल वाळून पांढऱ्याचा पारदर्शक झाला.

"आई, डॉक्टर आधी माझ्याकडे आलेले," ती म्हणाली. "दुपारी. तू कॅन्टीनला गेलेलीस ना, तेव्हा. मुलगी आहात, तुमची सही चालेल, असं बोलले. मी बोलली, आईला विचारा." तिने आईचा हात उलटा केला आणि कडेने सोलायला सुरुवात केली. "दोन तास आधी होतं ते. मी तुला सांगितलंच नाही कधी. वाटलं, तू माझं तोंड बघणार नाहीस."

कुणी कुणाला माफ केलं असं काही झालं नाही. भावनाने दोन्ही हात सोलले, मग उठून भात टाकला, आणि एका रात्रीऐवजी ती चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत दोघींनी पहिल्यांदा मारुतीचं नाव घेऊन गप्पा मारल्या, चिंबोरी चावल्यावर तो कसा नाचला होता तेही आठवून झालं. हसताना शेवंतीला ठसका लागला.

दिवाळीनंतर शेवंती ठाण्याला घोडबंदरच्या बाजूच्या एका नर्सरीत लागली. लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात. तिथे ती पुन्हा कलमं करते. हात पूर्वीसारखा चालतो, पण कुजलेलं झाड आलं की ती आधी थोडा वेळ नुसती त्याच्याजवळ उभी राहते. नर्सरीतल्या मुली म्हणतात, मावशी मंत्र म्हणतात.

जानेवारीत मारुतीचं वर्षश्राद्ध आलं. भटजींनी दान द्यायच्या वस्तूंची यादी सांगितली: छत्री, घोंगडी, तांब्या, वहाणा. आदल्या दिवशी शेवंती कल्याणला एकटीच गेली. बाकीचं घेऊन झालं आणि ती स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानात शिरली.

"कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"आमच्या मानसासाठी."

"नंबर काय त्यांचा?"

तिला नंबर माहीत नव्हता. तीस वर्षांत मारुतीच्या चपला तिने कधी घेतल्या नव्हत्या; लग्नातली एक जोडी आणि नंतर टेम्पो चालवायला एक, त्याही त्याच्या त्यानेच आणलेल्या. ती क्षणभर गोंधळली. मग तिने डावा हात काउंटरच्या काचेवर पसरला, एक वीत धरली, तिच्यापुढे उजव्या हाताची चार बोटं आडवी लावली, आणि नीट आठवून एक बोट कमी केलं.

"एवडा," ती म्हणाली.

दुकानदार वाकून ते माप बघू लागला. तो फळीवरची जोडी काढून आणेपर्यंत शेवंतीने काचेवरचे हात हलवले नाहीत.